नारिंगी लाइन

दोरीकाकांचं खरं नाव कामाच्या कागदांवर होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली असती तर त्यांनी स्वतःही मागे वळून पाहिलं नसतं. ड्रेनेजसाठी चर खोदणं हा त्यांचा धंदा. कामाला हात घालण्याआधी दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची, तिला एक टिचकी मारायची आणि ती थरथरायची थांबली की मगच कुदळ उचलायची, ही त्यांची पद्धत. म्हणून ते दोरीकाका. घरी बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची, आणि चिडली की तीसुद्धा ‘अहो दोरीवाले’ म्हणायची.

त्यांच्या चराच्या एका टोकाला डोळा लावला की दुसऱ्या टोकाचं चेंबर दिसतं, असं गवंडी एकमेकांना सांगत. कौतुक मोठं होतं, फक्त त्याचं आयुष्य तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी चरात पाईप, पाईपवर माती आणि मातीवर फरशी. चौतीस वर्षं जीव ओतून काम केलं, आणि ते पूर्ण झालं असं लोक कधी म्हणायचे, तर ते दिसेनासं झालं की. रोज घर आवरणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या सरळ कारकिर्दीला एक डाग होता. तो त्यांना माहीत होता आणि बायकोला. बारा वर्षांपूर्वी एका शाळेच्या कुंपणालगत त्यांनी चर खोदला होता. वाटेत एक जुनं झाड होतं. दोरी बुंध्यापासून हातभर अंतरावरून जात होती, म्हणून चरही तिथूनच गेला. मनगटाएवढी मुळं लागली, ती कुऱ्हाडीने तोडली. इंजिनिअर साहेबांनी चरात वाकून पाहिलं आणि ‘याला म्हणतात काम’ असं म्हणून पाठ थोपटली. पुढच्या वर्षी झाडाचा शेंडा वाळला. त्याच्या पुढच्या वर्षी पानं विरळ झाली. तिसऱ्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी, वाळत घातलेला रुमाल जेमतेम हलेल अशा वाऱ्यात, ते झाड कुंपणावर आडवं झालं. रीतसर चौकशी झाली. वारा दोषी ठरला.

खोड उचलून खड्डा बुजवायला माणूस हवा होता, तेव्हा बोलावणं आलं ते दोरीकाकांनाच. आडव्या झाडाची मुळं त्यांच्या डोक्याएवढ्या उंचीवर आली होती. एका बाजूची लांब, फाटलेली, मातीची ढेकळं घट्ट धरून बसलेली. दुसऱ्या बाजूची सगळी एका रेषेत कापलेली. इतकी सरळ रेष त्या भागात दुसऱ्या कोणाच्या हातून निघालीच नसती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, “चौकशीत नाव कोणाचं आलं?”

“वाऱ्याचं.”

“मग प्रश्नच मिटला. तो काही तक्रार घेऊन येणार नाही. पण तुमच्या घशाखाली घास उतरत नाहीये, ते का, ते बघा आधी.”

तेव्हापासून दोरीकाकांच्या पिशवीत एक बारीक दातांची करवत आणि दोन-चार गोणपाटाची पोती आली, आणि झाड दिसलं की त्यांचा चर वळायला लागला. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. ‘दोरीकाकांची नजर गेली’ असं लोक बोलू लागले. एका कंत्राटदाराने तर मोठ्या आपुलकीने डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. ज्या चुकीने झाड पडलं तिला शाबासकी, आणि ती सुधारली तर चष्मा.

एका सोसायटीचं काम आलं ते अशा पडत्या काळात. दोन इमारती, मध्ये अंगण आणि अंगणात तुतीचं झाड. दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत मावत नसे. सोसायटीचं या झाडावर फार प्रेम. उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाड्या त्याच्या सावलीत उभ्या राहत, आणि पिकलेल्या तुतींचे डाग गाड्यांवर पडले की सगळे मिळून झाडाला शिव्या देत. ड्रेनेजचं काम निघालं तेव्हा खास सभा बोलावून ठराव झाला की झाडाच्या केसालाही धक्का लागता कामा नये. त्यानुसार बुंध्याला फोमची जाड गादी गुंडाळली गेली. गादी हलू नये म्हणून तिला टेकून वाळूचा ढीग आणि विटा रचल्या गेल्या. वर ‘वृक्ष आमचा मित्र’ अशी सुबक पाटी लागली, चार इंची चार खिळ्यांवर.

हे सगळं सेक्रेटरींच्या देखरेखीखाली झालं. नकाशाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. जे नकाशात नाही ते जमिनीवर असलं, तर चूक जमिनीची, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. मागच्या इमारतीपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत त्यांनी पट्टीने एक सुरेख रेघ ओढली होती. ती झाडापासून चार फुटांवरून जात होती.

पहिल्या दिवशी दोरीकाका आणि त्यांचा मेहुणा मागच्या इमारतीकडून खोदत आले. मेहुणा पन्नाशीचा, जिभेने तिखट आणि फावड्याला दणकट. फांद्यांची सावली सुरू झाली तिथे दोरीकाकांनी कुदळ खाली ठेवली आणि सेक्रेटरींना बोलावलं.

“साहेब, इथून पुढे हाताने खोदावं लागेल. मुळं उघडी करतो, त्यांच्याखालची माती काढतो आणि पाईप खालून सरकवतो. मुळं वरच्या दोन-अडीच फुटांत आहेत, पाईप जायचाय चार फुटांवर. दोघांनाही जागा आहे.”

“किती दिवस?”

“पाच तरी.”

“आणि सरळ मशीन लावलं तर?”

“अर्धा.”

“झालं तर मग!”

“झालंच. तीन वर्षांत झाडाचंही आटपेल.”

सेक्रेटरींनी नकाशा उलगडला. “अहो काका, झाड तिकडे, चर इकडे. मध्ये चार फूट मोकळी जागा सोडलीय मी. लोक दोन सोडत नाहीत!”

“साहेब, झाड तिकडे दिसतंय. असायला ते इथे आहे, तुमच्या चपलेखाली. पार त्या भिंतीपर्यंत.”

सेक्रेटरींनी नकळत पाय उचलून चपलेखाली पाहिलं. मग आपण असं केलं याचा त्यांना राग आला. “दुसऱ्या बाजूने घ्या मग.”

“दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी आहे.”

“मग विषय संपला. उद्या सकाळी आठला मशीन येईल.”

“साहेब, निदान ती वाळू बुंध्यापासून हलवा. आणि गाड्या. जमीन दबून दगड झालीय, मुळांना श्वास नाही.”

“वाळूचा आधार आहे झाडाला,” सेक्रेटरी म्हणाले. “आम्ही ठराव केलाय.”

मागच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खिडकीतून हे सगळं एक बाई ऐकत होत्या. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. तुंबलेल्या ड्रेनेजचा सगळा प्रसाद त्यांच्याच वाट्याला येत होता.

“दोरीकाका, पाच दिवस म्हणालात का?” त्यांनी खिडकीतून विचारलं. “वरच्या मजल्यावर कोणी बादली उपडी केली की माझी मोरी डरकाळी फोडते. काल तर साबणाचा फेस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.”

“कळतंय बाई. पण घाई केली तर झाड जाईल.”

“आणि घाई नाही केली तर मी जाईन,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी दोरीकाका घरी आले ते चेहरा पाडूनच. बायको त्यांच्या शर्टाला बटण लावत बसली होती. तिने सुई न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

“काम सोडून देतो,” ते म्हणाले. “माझ्या हातून नको.”

“तुमच्या हातून नको म्हणजे दुसऱ्याच्या हातून चालेल?” तिने दोरा दाताने तोडला. “अहो, तुम्ही सांगत बसता. सांगून कोणाला कळलंय? जमिनीच्या आत काय आहे ते त्या माणसाने जन्मात पाहिलेलं नाही. उघडून दाखवा. मशीन यायच्या आधी जा आणि दाखवा. मग बघू कोणाचा हात धजतो ते.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं झाडाखाली होते. कुदळ नाही, पहार नाही. खुरपं, हात आणि रंगाऱ्याचा एक जुना ब्रश. नकाशातल्या रेघेवर त्यांनी वीतवीत माती बाजूला केली. दीड फुटावर पहिलं मूळ लागलं. ओल्या फडक्याने पुसल्यावर ते असं काही झळकलं की मेहुण्याने खुरपं खाली ठेवलं.

“भाऊजी, हे काय, गाजर लागलं का?”

तुतीचं मूळ नारिंगी असतं. मळकट नव्हे, चांगलं भडक नारिंगी, आणि साल गुळगुळीत. आठ वाजेपर्यंत अशी सात मुळं उघडी झाली, काही दंडाएवढी, काही अंगठ्याएवढी, सगळी बुंध्याकडून भिंतीकडे गेलेली. दोरीकाका खड्ड्याच्या काठावर उभे राहून वाट पाहू लागले. हे पाहून सेक्रेटरींना पाझर फुटेल अशी त्यांना आशा होती. माणसाच्या चांगुलपणावर असा विश्वास टाकायचं त्यांचं वय नव्हतं, पण दुसरं काही हातात नव्हतं.

मशीन आलं. चालक उतरला, त्याने खड्ड्यात पाहिलं आणि लगेच मागे सरला. “ही कसली लाइन?”

“कुठली लाइन?” सेक्रेटरी धावत आले. त्यांनी खड्ड्यात पाहिलं, मग नकाशात, मग पुन्हा खड्ड्यात. चेहरा पांढराफटक पडला. “सात लाइन? माझ्या नकाशात एकही नाही!”

“अहो, मुळं आहेत ती,” दोरीकाका म्हणाले.

“मुळं?” सेक्रेटरींचा आवाज चढला. “मुळं अशी नारिंगी असतात? मुळं तपकिरी असतात, लहान पोरही सांगेल. हे वरचं आवरण आहे. केबल असेल, नाहीतर गॅस!”

“साहेब, झाडापासून निघालीत बघा.”

“झाडाखालून गेलीत! लाइन टाकताना झाडाचा आडोसा घेतात, तुम्हाला काय माहीत?”

चालकाने तोवर मशीन फिरवलंही होतं. “मी हात लावणार नाही बुवा. मागे एकदा माझ्या हातून केबल तुटली, निम्म्या वस्तीचे फोन बंद पडले. सांगणारा नामानिराळा आणि शिव्या मला. कोणाची आहे ते कळलं की मग बोलवा.” आणि तो गेला.

दोरीकाका सकाळपासून तीनदा ‘मुळं’ म्हणाले. तिन्ही वेळा त्यांना गप्प बसवण्यात आलं. शेवटी सेक्रेटरींनी साक्षीला बाईंना बोलावलं. “बाई, तुम्ही शास्त्राच्या. सांगा यांना, मूळ असं असतं का?”

बाई सावकाश खाली आल्या. त्यांनी एका बारीक मुळावर नख ओढलं. दुधासारखा पांढरा चिकाचा थेंब आला. तो त्यांनी बोटाने टिपला, पदराला पुसला आणि मान वर करून झाडाकडे पाहिलं, मग आपल्या मोरीच्या खिडकीकडे. एक शब्द बोलल्या असत्या तर मशीन दुपारपर्यंत परत आलं असतं आणि मोरी संध्याकाळपर्यंत मोकळी झाली असती.

“आमच्या पुस्तकातल्या चित्रात,” बाई म्हणाल्या, “मुळं तपकिरीच रंगवलेली असायची.”

“ऐकलंत?” सेक्रेटरी म्हणाले.

ते फोन करायला गेल्यावर बाई खड्ड्याशी थांबल्या. “काका, किती दिवस म्हणाला होतात?”

“पाच, बाई.”

“वरच्या मजल्यावरचीला विचारते, तिच्याकडे आंघोळीला येऊ का म्हणून. नाही म्हणाली तर पाच दिवस पारोशी.” आणि जाता जाता वळून म्हणाल्या, “चार दिवसांत आटपलं तर बघा हो.”

सेक्रेटरींचे फोन दुपारपर्यंत चालले. गॅसवाले म्हणाले, आमची लाइन पिवळी. पाणीवाले म्हणाले, आमची निळी. फोनवाले म्हणाले, आमची नारिंगी असते खरी, पण तुमच्या अंगणात आम्ही कधी आलोच नाही. आमची नव्हे यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि माणूस येऊन बघेपर्यंत हात लावू नका यावरही. खबरदारीच्या सूचना सेक्रेटरींनी वहीत उतरवून घेतल्या आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून दोरीकाकांना वाचून दाखवल्या.

“नीट ऐका. एक, मशीन लावायचं नाही. हाताने माती काढायची.”

“बरं.”

“लोखंडी पहार, कुदळ अजिबात नाही. लाइनवर घाव बसता कामा नये.”

“बरं.”

“वर गाड्या उभ्या करायच्या नाहीत. माल रचायचा नाही. ती वाळू कोणी टाकली तिथे? उचला आधी! वजन येतंय लाइनवर!”

मेहुण्याने तोंडावर हात धरला आणि खोकल्याचं निमित्त करून तो टाकीमागे गेला.

“उघड्या लाइनला ऊन लागू द्यायचं नाही,” सेक्रेटरी पुढे वाचत होते, “आणि हे माझं स्वतःचं, ओली पोती टाका. तापायला नको.”

“आहेत पिशवीत,” दोरीकाका म्हणाले.

“बघा! थोडा आधी विचार केला की असं होतं.”

तासाभरात तीसेक वर्षांत न झालेली गोष्ट झाली. अंगणातल्या सगळ्या गाड्या हलल्या. ज्यांना झाडाची दया आली नव्हती त्यांना स्फोटाचं भय पटलं. वाळू गेली, विटा गेल्या, झाडाभोवती लाल फीत लागली आणि तिच्या आत पाय टाकणाऱ्याला गॅलरीतून चौघं ओरडू लागले. नवा पाईप जोडेपर्यंत पाणी जुन्या तुंबलेल्या ड्रेनेजमध्येच सोडावं लागणार, म्हणून दोन इमारतींनी बादल्या उपड्या करायची वेळ ठरवून घेतली. बाईंची मोरी मात्र नेमाने डरकाळ्या फोडत राहिली.

दोरीकाका पालथे पडून मुळांखालची माती ओंजळीने काढत होते. अंगठ्याएवढी दोन मुळं अगदीच आडवी येत होती. अशी बारीक मुळं करवतीने स्वच्छ कापली तर झाडाला फारसं कळतही नाही. त्यांनी करवत बाहेर काढली तोच वरून किंकाळी आली.

“काका! काय करताय? ती बारकी लाइनसुद्धा चालू असेल!”

“साहेब, ही दोन कापली तरी चालतील. खरंच.”

“एकही नाही! जबाबदारी माझी आहे!”

म्हणून त्या दोन मुळांनाही वळसा घालून खालून जाण्यात आणखी अर्धा दिवस गेला. झाडाची इतकी काळजी दोरीकाकांनीही घेतली नसती. रात्री बायको म्हणाली, “खरं सांगितलंत ना त्यांना?” ते म्हणाले, “तीन वेळा.” ती म्हणाली, “मग चौथ्यांदा घसा बसवू नका.” तरी त्यांना कुठेतरी टोचत होतं. चौतीस वर्षं सरळ काम केलेल्या माणसाला हे नुसतं गप्प बसणंसुद्धा वाकडं वाटत होतं.

चौथ्या दिवशी गॅसच्या कचेरीतून एक मुलगी आली. डोक्यावर हेल्मेट, हातात यंत्र. तिने यंत्र फिरवलं, पोतं उचललं, नख ओढलं आणि हसली. मग सेक्रेटरींना बाजूला, टाकीजवळ घेऊन गेली. पाईप सरकवायचा फक्त शेवटचा तुकडा राहिला होता. खड्ड्यातून दोरीकाकांना दोघांची तोंडं दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. मुलीने झाडाकडे बोट केलं. सेक्रेटरींनी आधी मान हलवली, मग खाली घातली, मग बराच वेळ ती तशीच राहिली. मेहुण्याने हळूच विचारलं, “भाऊजी, मशीन येतंय का पुन्हा?”  दोरीकाकांचे मातीने भरलेले हात पाईपवरच थांबले होते.

मुलगी गेली. सेक्रेटरी फितीपाशी आले. गॅलऱ्यांतून सगळे पाहत होते.

“काय निघालं हो?” वरून कोणीतरी विचारलं.

“तपासणी झाली,” सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले. “काम आहे तसंच चालू राहील. हातानेच.”

त्या संध्याकाळी पाईप जोडला गेला. दोरीकाकांनी पाणी भरलेल्या नळीने उतार तपासला, मुळांभोवती भुसभुशीत माती हाताने दाबून भरली, वर पाणी शिंपडलं. मागच्या इमारतीत एकाच वेळी चार बादल्या उपड्या केल्या. सगळे कान देऊन उभे राहिले. बाईंच्या मोरीतून काहीही आवाज आला नाही. बाई खिडकीत आल्या, “झालं का सुरू?” म्हणाल्या, आणि झालंय कळल्यावर टॉवेल घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काम संपल्याच्या कागदावर सही करायला दोरीकाका सेक्रेटरींच्या घरी गेले. टेबलावर नवा नकाशा होता. ड्रेनेजची निळी रेघ आणि तिच्यावरून गेलेल्या सात नारिंगी रेघा, प्रत्येकीची खोली, जाडी, बुंध्यापासूनचं अंतर मिलिमीटरात. एवढी बिनचूक मुळं दोरीकाकांनी जमिनीतही पाहिली नव्हती. बाजूला लिहिलं होतं, ‘लाइन, मालक अज्ञात. चालू. खोदू नये. वर वजन ठेवू नये.’

“इथे सही. प्रत्यक्ष पाहणारा म्हणून.”

दोरीकाकांनी पेन घेतलं नाही. “साहेब, इथे मुळं लिहा. खोट्यावर मी सही केलेली नाही.”

सेक्रेटरींनी दाराकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसत बसले. तो पुसण्याइतका मळलेला नव्हता.

“मुळं लिहिली,” ते हळू म्हणाले, “तर दहा वर्षांनी कोणी शहाणा हा नकाशा उघडेल आणि म्हणेल, मुळंच आहेत ना? तोडा, अर्ध्या दिवसाचं काम. मला ठाऊक आहे तो काय म्हणेल ते. मीच म्हणालो होतो.”

दोरीकाकांनी नकाशा जवळ ओढून सातही रेघा पुन्हा पाहिल्या. मग खुर्ची ओढून बसले, पेन घेतलं आणि सही केली. ती जरा वाकडी आली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

“एक राहिलं साहेब,” ते उठताना म्हणाले. “या रेघा तुम्ही भिंतीपाशी संपवल्यात. पण दोन वर्षांत त्या भिंतीच्या पलीकडे जातील. लांबीचं काय लिहायचं?”

सेक्रेटरींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पट्टी नीट लावली आणि लांबीच्या रकान्यात, सातही ओळींसमोर, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वाढती.’